देसना : आपली चूक आपण दाखवणे

‘कबुली’ हा शब्द आपल्या माणसांना आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या बापजाद्यांनी ज्या कबुल्या दिल्या त्या बहुतेक बळजबरीच्या होत्या. गावात चोरी झाली की पहिली विचारपूस महारवाड्यात नि मांगवाड्यात होई. चूक झालेली असो वा नसो, चावडीपुढे हात जोडून ‘चुकलो, मायबाप’ म्हणावेच लागे. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला, तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि रद्द झाला थेट १९५२ साली. या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. ज्याला जन्मतःच गुन्हेगार म्हटले त्याच्या कबुलीला काय अर्थ उरतो?

म्हणून विहारातील अभ्यासवर्गात ‘आपली चूक बोलून दाखवावी’ असा विषय निघाला की माणसे मान खाली घालतात. एखादा उठून बाहेरही जातो. ‘आम्ही धम्मदीक्षा घेतली ती ताठ मानेने उभे राहण्यासाठी. पुन्हा कोणापुढे वाकायचे कशाला?’ असे एका तरुण कामगाराने पिंपरीतील वर्गात विचारले होते. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला ‘श्रद्धा ठेवा’ असे उत्तर देऊन चालणार नाही.

परंतु हेही ध्यानात घेतले पाहिजे की, खुद्द बाबासाहेबांनी हा विषय टाळलेला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या मूळ इंग्रजीत, भिक्खुसंघासंबंधीच्या पाचव्या खंडात, त्यांनी उपोसथासाठी ‘कन्फेशन’ हाच शब्द वापरला आहे. भिक्खूचा विवेक जागा ठेवण्याचे साधन म्हणून ते त्याच्याकडे पाहतात. बाबासाहेबांनी शब्द इंग्रजी घेतला खरा, पण त्यात अर्थ धम्माचा भरला. म्हणून या पाठात आपण तो शब्द निरनिराळ्या ठिकाणी काय अर्थाने येतो ते पाहू, आणि मग धम्मातील ‘देसना’ त्याहून वेगळी कशी ते समजून घेऊ.

प्रथम कचेरीतला अर्थ. कायद्यात कबुलीजबाब म्हणजे आरोपीने स्वतःविरुद्ध दिलेला पुरावा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात २५ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती २३ व्या कलमात आहे. इंग्रजाच्या राज्यातसुद्धा कायदा करणाऱ्याला ठाऊक होते की कोठडीतली कबुली कशी निघते! आपल्या संविधानाच्या २० व्या अनुच्छेदात तर स्पष्ट म्हटले आहे की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य धरण्याची वाट उघडली. ते असो. मुद्दा एवढाच की कायद्यातील कबुली बोलणाऱ्याच्या विरुद्ध वापरायची असते. म्हणून गप्प राहण्याचा हक्क हे तेथे माणसाचे संरक्षण आहे, आणि ते आपण कधीही सोडता कामा नये.

आमच्या भोसरी–पिंपरी–चाकण पट्ट्यात या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे, तो कारखान्याच्या गेटवर कळतो. आरोपपत्र येते, खुलासा मागवला जातो आणि मग कोणीतरी हळूच सुचवतो की माफीनामा लिहून दे, प्रकरण मिटेल. संप फसल्यावर कामावर परत घेताना ‘चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र’ पुढे केले जाते. त्यावर सही म्हणजे आजवरची वर्तणूक वाईट होती याची कबुली. घरभाडे, किराणा, मुलांची फी डोळ्यांपुढे असलेल्या माणसाने अशी सही केली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या सहीला पश्चात्ताप म्हणू नये. ती पोटाची सही आहे.

ख्रिस्ती बांधवांमध्ये, विशेषतः कॅथलिकांमध्ये, पापनिवेदन हा एक संस्कार आहे. गोव्यात त्याला ‘कुमसार’ म्हणतात. वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे ते केलेच पाहिजे असा नियम १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने केला. पाप देवाविरुद्ध घडते, आणि देवाच्या वतीने धर्मगुरू क्षमा उच्चारतो, अशी त्यामागची धारणा आहे. ऐकलेले गुपित धर्मगुरू प्राण गेला तरी फोडत नाही, ही त्यातील थोर गोष्ट आपणही शिकण्यासारखी आहे. मात्र आपल्या धम्मात क्षमा करणारा ईश्वर नाही, त्यामुळे त्याच्या वतीने क्षमा करणारा मध्यस्थही नाही.

राहिले ब्राह्मणी प्रायश्चित्त. त्याची दोन उदाहरणे आठवावीत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यावरून ग्रामण्य झाले, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि महादेव गोविंद रानड्यांसारख्या विद्वानाने १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. कशाचे? एक पेला चहाचे. दुसरे उदाहरण प्रत्येक वाचकाला पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी प्यायले, परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला आणि नंतर शुद्धी कोणाची केली, तर तळ्याची, पंचगव्य ओतून! ज्यांनी डोकी फोडली त्यांना आपली चूक दिसली नाही, त्यांना पाण्यात विटाळ दिसला. दोष स्पर्शात किंवा अन्नात आहे असे मानले की प्रायश्चित्त असेच होणार. दोष कृतीत आहे, कृतीमागच्या लोभात, द्वेषात आणि मोहात आहे, हे बुद्धांनी सांगितले.

कबूल करणे म्हणजे पश्चात्ताप करणे, असेही नेहमी नसते. चिंचवडगावात चापेकर चौक आहे. १८९७ च्या प्लेगच्या काळात रँडचा वध करणारे दामोदर हरी चापेकर हे तिथले. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी आपली हकिगत मराठीत लिहून काढली, आणि १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. त्या लिखाणात कबुली आहे, पश्चात्ताप नाही. आपण केले ते योग्यच केले, असे सांगणाऱ्याची ती कबुली आहे. देशभक्तीचा प्रश्न येथे नाही. शब्दाचा अर्थ पाहायचा म्हणून उदाहरण घेतले.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. पालीत चूक बोलून दाखवण्याला ‘देसना’ म्हणतात, पूर्ण शब्द ‘आपत्ति-देसना’. आपत्ती म्हणजे शीलाचा भंग. वाचकांच्या लगेच लक्षात येईल की ‘धम्मदेसना’ या शब्दातही हाच शब्द आहे. धम्म सांगणे तीही देसना, आणि चूक सांगणे तीही देसना. दोन्ही शब्द ‘दिश्’ या धातूचे. त्याचा अर्थ दाखवणे; ‘दिशा’ हा आपला रोजचा शब्द त्यातलाच. देसना म्हणजे वाकणे नव्हे, दाखवणे होय. त्या तरुण कामगाराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

विनयातील पद्धत पाहिली म्हणजे उरलेले अर्धे मिळते. पंधरवड्यातून एकदा भिक्खू उपोसथासाठी जमत आणि पातिमोक्खाचे पठण होई. पाली परंपरेप्रमाणे भिक्खूंचे नियम २२७. हे ठराविक दिवशी जमणे मगधाचा राजा बिंबिसार याच्या सूचनेवरून सुरू झाले असे महावग्गात सांगितले आहे. पठणाआधी ज्याच्या हातून नियम मोडला असेल तो दुसऱ्या एका भिक्खूपुढे बसतो आणि काय घडले ते सांगतो. ऐकणारा त्याला विचारतो, ही चूक तुला दिसते का. तो म्हणतो, दिसते. मग ऐकणारा एवढेच सांगतो की पुढे स्वतःला सांभाळ. संपले! ‘मी तुला क्षमा केली’ असे कोणी म्हणत नाही, कारण तो अधिकार कोणालाच नाही. ऐकणारा न्यायाधीश नाही, मालक नाही, पुरोहितही नाही. त्याच वाटेने चालणारा तो सोबती आहे, आणि पुढच्या पंधरवड्याला कदाचित तोच बोलणारा असेल.

आमच्या या पट्ट्यातून लोकलने मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेथून ही लेणी किती जवळ आहेत! सहलीला गेलेली मंडळी चैत्यगृहाचे फोटो काढून परततात. पुढच्या वेळी जाल तेव्हा भाज्याच्या एखाद्या कोठडीत थोडा वेळ बसा. दगडी ओट्यावर दोन माणसे समोरासमोर बसतील एवढीच जागा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पौर्णिमेच्या संध्याकाळी अशाच जागी कोणी कोणाला आपली चूक दाखवली असणार.

विनयातील आणखी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. संघादिसेस नावाचे तेरा गंभीर अपराध आहेत. असा अपराध भिक्खूने लपवला तर जितके दिवस लपवला तितके दिवस त्याला ‘परिवास’ भोगावा लागतो आणि त्यानंतर सहा रात्रींचा ‘मानत्त’. शेवटी किमान वीस भिक्खूंचा संघ त्याला पुन्हा आत घेतो. म्हणजे चूक वेगळी मोजली जाते, आणि लपवलेले दिवस वेगळे मोजले जातात.

देसनेने कर्माचे फळ धुऊन निघते का? नाही. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात अजातशत्रूची कथा येते. बापाला, म्हणजे त्याच बिंबिसाराला, मारून हा मगधाच्या गादीवर बसला. एका पौर्णिमेच्या रात्री त्याचे मन थाऱ्यावर नव्हते. जीवकाच्या आम्रवनात तो तथागतांकडे आला, धम्म ऐकला, आणि राज्यासाठी आपण धार्मिक पित्याचा जीव घेतला हे त्याने उघड सांगितले. तथागतांनी त्याची देसना स्वीकारली, आणि चूक चूक म्हणून पाहून ती सुधारणे यातच आर्यांच्या विनयात माणसाची वाढ आहे असे सांगितले. पण राजा निघून गेल्यावर ते भिक्खूंना म्हणाले की याने बापाला मारले नसते तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू मिळाला असता. देसना झाली, तरी गमावलेले गमावलेच. धम्म कोणाला खोटा दिलासा देत नाही.

राहुलाला दिलेला उपदेशही येथे पाहिला पाहिजे. तो मज्झिमनिकायात आहे, आणि खोटे बोलण्यासंबंधीचा हा राहुलोवाद लोकांनी अभ्यासावा असे खुद्द सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. तथागत राहुलाला विचारतात, आरसा कशासाठी? पाहण्यासाठी. तसे प्रत्येक कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे. शरीराने किंवा वाणीने केलेले कृत्य कोणाला पीडा देणारे ठरले तर ते शास्त्यापुढे किंवा जाणत्या सोबत्यापुढे उघड करावे. मनात आलेल्या वाईट विचाराबद्दल मात्र लाज बाळगावी आणि पुढे सावध राहावे, तो सांगण्यास सांगितलेले नाही. हा भेद मोठा शहाणपणाचा आहे. काही मंडळी मनात आलेला प्रत्येक विचार वर्गात बोलत बसतात आणि शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे तेवढे विसरतात.

आणि आता सर्वांत महत्त्वाची कथा, चुल्लवग्गातील. मच्छिकासंड गावी चित्त नावाचा गृहपती होता, उपासकांमध्ये श्रेष्ठ. तेथे राहणाऱ्या सुधम्म नावाच्या भिक्खूला न विचारता त्याने सारिपुत्तादी थेरांना जेवणाचे आमंत्रण दिले. सुधम्माचा अहंकार दुखावला. जेवणाची तयारी पाहून तो म्हणाला, सगळे आहे, तेवढी तिळाची पोळी नाही. वरवर साधे वाक्य. पण अट्ठकथा सांगते की चित्ताच्या कुळाचा मूळ पुरुष पोळ्या विकणारा होता, आणि हा टोमणा जातीवरून होता. वाचकहो, असे टोमणे आपण शाळेत ऐकले, कँटीनमध्ये ऐकले. येथे टोमणा मारणारा चीवरधारी आहे आणि ऐकणारा गृहस्थ.

तथागतांनी काय केले? भिक्खूची बाजू घेतली नाही. संघाने सुधम्मावर पटिसारणीय कर्म केले, म्हणजे त्याने परत जाऊन त्या गृहस्थाची क्षमा मागायची. सुधम्म गेला, पण चित्ताच्या दारापर्यंत जाऊन त्याची जीभ उचलेना. तसाच परत आला. मग तथागतांनी सांगितले की याला सोबतीला एक भिक्खू द्या. सोबत्याने आधी त्या गृहस्थाला याच्यासाठी विनवावे. ऐकले नाही तर संघाच्या वतीने विनवावे. तरीही नाही ऐकले, तर त्या गृहस्थाला दिसेल अशा ठिकाणी त्याच्याकडून देसना करवावी.

यातून दोन गोष्टी वेगळ्या होतात. सोबत्यापुढे चूक उघड करणे ही देसना. ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे जाणे ही क्षमायाचना. पहिली केली म्हणून दुसरी चुकत नाही. बायकोवर हात उगारून बुद्धमूर्तीपुढे तीनदा वंदन करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, कारण मार मूर्तीला लागलेला नाही. आणि स्त्रीवर किंवा मुलावर अत्याचार घडला असेल तेथे ‘आपसात देसना झाली, मिटले’ म्हणून पडदा टाकणे हा नवा अपराध होय. तेथे पीडिताचा कायद्याचा मार्ग कोणी अडवू नये.

दुसऱ्याला सांगतो म्हणून स्वतःचेही सांगितले पाहिजे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीला होतो. तिसऱ्या पाळीत, पहाटे तीनच्या सुमारास, झोप अनावर झाली म्हणून मी बुशांचा एक लॉट गेज न लावताच पास केला आणि रजिस्टरमध्ये अंदाजाने मापे भरली. लॉट परत आला. मशीनवर मराठवाड्यातून आलेला एक कंत्राटी मुलगा होता. दोष त्याच्यावर गेला, दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवले. मी तोंड उघडले नाही. माझी नोकरी पक्की होती, त्याची नव्हती. सुधम्माला जातीचा गर्व होता, मला पक्क्या नोकरीचा. चौथे शील मी त्या काळात रोज सकाळी म्हणत होतो.

अकरा वर्षे हे कोणाला सांगितले नाही. मग एका शिबिरात विनयाचा परिवासाचा नियम वाचला आणि लपवलेले दिवस मोजले. चार हजारांच्या वर भरले. त्या रात्री एका धम्ममित्राला सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, तो मुलगा आता कुठे आहे? शोध घेतला तेव्हा कळले की तो चाकणला भाजीची गाडी लावतो. पहिल्यांदा गेलो तो चौकातून परत आलो. दुसऱ्यांदा मित्र बरोबर आला, म्हणून बोलता आले. तो गाडीवरच्या मेथीवर पाणी मारत होता. हात न थांबवता म्हणाला, ‘मला तेव्हाच माहीत होतं, साहेब. रजिस्टरात अक्षर तुमचं होतं.’ माफ केले असे तो म्हणाला नाही. त्या महिन्याचे अठरा दिवसांचे पैसे बुडाले होते, ते मात्र त्याने सांगितले. मी ते दिले. त्याने मोजून घेतले.

आता उपासक-उपासिकांनी प्रत्यक्षात काय करावे? पंचशीलातील प्रत्येक शील ‘सिक्खापद’ म्हणून घेतले जाते, म्हणजे ते शिक्षणाचे पाऊल आहे. शिकणाऱ्याकडून चुका होणारच. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाच मित्राबरोबर, स्त्रियांनी मैत्रिणीबरोबर, पंधरा मिनिटे बाजूला बसावे. गेल्या महिन्यातील एकच कृत्य सांगावे, केव्हा घडले आणि कोणाला त्रास झाला ते नेमके सांगावे. ‘मी फार वाईट आहे’ ही देसना नव्हे, तिच्यात काहीच दिसत नाही. वाक्यात ‘पण’ आला की थांबावे, कारण ‘पण’च्या पुढे बहुधा दुसऱ्याची चूक असते. ऐकणाऱ्याने प्रवचन देऊ नये. ऐकलेले घरी नेऊ नये, बायकोलाही सांगू नये. भिक्खूचा गंभीर अपराध बाहेरच्याला सांगणे हा विनयात स्वतंत्र दोष मानला आहे. कामावरची बाब असेल आणि चौकशी चालू असेल तर चौकशीत काय बोलायचे ते युनियनच्या प्रतिनिधीला किंवा वकिलाला विचारून ठरवावे. विहारातील देसना आणि चौकशीतील जबाब यांची गल्लत करू नये. आणि आपल्या मौनामुळे दुसऱ्याची भाकरी जात असेल तर ते मौन किती दिवस ठेवायचे, हे आपल्या मित्राबरोबर बसून त्याच पौर्णिमेला ठरवावे.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू ‘पवारणा’ करतात. तेव्हा प्रत्येक जण संघाला विनवतो की माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंका आली असेल तर मला सांगा. संयुत्तनिकायात अशी नोंद आहे की स्वतः तथागतांनीही भिक्खूंना विचारले होते, माझ्या वागण्या-बोलण्यात काही निंद्य आहे काय? आपल्या किती संस्थांच्या अध्यक्षांनी वार्षिक सभेत हा प्रश्न विचारला आहे, याची वाचकांनी आपापल्या गावी चौकशी करावी. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी विहाराच्या समितीने सर्वांसमोर बसून पवारणा करावी, आणि सुरुवात अध्यक्षांपासून करावी.